बाळंतपणानंतरची उदासी: वाट कधी पाहावी, डॉक्टरांना कधी गाठावे
प्रसूतीनंतर विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे हे बऱ्याच मातांच्या बाबतीत घडते आणि साधारण 2 आठवड्यांत ओसरते. तोवर रात्रीचे लंगोट बदलणे, ढेकर काढून बाळाला झोपवणे ही कामे घरच्यांनी उचलून तिला सलग झोप मिळू द्यावी, कारण धीराच्या कोरड्या शब्दांपेक्षा झोपच अधिक उपयोगी पडते. मात्र उदासी त्यापुढेही टिकली, बाळ शांत झोपलेले असतानाही तिचा डोळा लागेना, किंवा अशी लक्षणे गरोदरपणातच दिसू लागली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशी उदासी चाचपण्यासाठी वापरली जाणारी 1987 सालची एडिनबर्ग प्रश्नावली अवघ्या 10 प्रश्नांची आहे. ती निदान करीत नाही, पुढील तपासणीची गरज तेवढी दाखवते. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. भास, टोकाचा संशय किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आढळल्यास तिला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे.