सोयाबीन किती पेरायचं?

१९९१ नंतर व्यापार मोकळा झाला, तेल काढून उरणाऱ्या सोयापेंडीला परदेशी गिऱ्हाईक होतंच, त्यात १९९४ साली सोयाबीनचा जेएस ३३५ वाण आला. आमच्या लातूरच्या औशाकडं ज्वारी-मूग बघता बघता मागं पडले. चार महिन्यांत रोख पैसा हातात, मग कोण थांबतंय? मीही सगळं रान सोयाबीन केलं. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यामागं बैलजोडी. आईनं दोन दिवस अबोला धरला होता.

तर पेऱ्याआधी एवढं करा. गेल्या वर्षीचा भाव बघून एकर वाढवू नका. २०२१च्या ऑगस्टात क्विंटलला १० हजारांच्या आसपास भाव होता. सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयातीला मोकळीक दिली आणि नवा माल येईस्तोवर भाव निम्म्यावर. बाहेरचं तेल स्वस्त आलं तरी सोयाबीनचा भाव असाच दबतो. म्हणून खाद्यतेलाच्या आयात शुल्काची बातमी पावसाच्या अंदाजाइतकीच ध्यान देऊन ऐका. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. हिशेब मांडताना हमीभावही धरू नका, त्याच्या खालचा भाव धरा. तरी खर्च निघतो का बघा.

सोयाबीनच्या चार ओळींमागं दोन ओळी तुरीच्या टाकाच. बियाणं घरचं चालतं, पण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० उगवले तरच पेरा. माल १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, आणि सगळा एकदम अडतीवर नेऊ नका.