जार डिलिव्हरीचं आठवड्याचं वेळापत्रक: आधी वार, मग रूट

२० लिटरच्या पाण्याच्या जारचं गिऱ्हाईक एकदा लागलं की महिनोन्‌महिने तेच असतं, कुणाला रोज, कुणाला दिवसाआड, कुणाला आठवड्यातून एकदा. तरी बहुतेक ठिकाणी रूट ड्रायव्हरच्या डोक्यातच असतो नि तो गावी गेला की सगळा बट्ट्याबोळ. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे काम नीट होतं. समजा प्लांट भोसरीत आहे, दोन छोटे टेम्पो आहेत आणि ग्राहक पिंपरी-चिंचवडभर पसरलेत (दूध किंवा भाजी पोचवत असाल तरी पद्धत हीच).

१. शीट

निम्मं काम इथेच आहे, आणि लोक नेमका इथेच कंटाळा करतात. एका ओळीत एक ग्राहक: पिन (नकाशावरच्या जागेचे अक्षांश-रेखांश), किती जार, आठवड्यातून किती वेळा, कुठले वार चालत नाहीत, किती ते किती वाजेपर्यंत गेट उघडं आणि तिथे थांबायला किती मिनिटं लागतात. पत्ता टाकून पिन काढू नका, गूगल मॅप्सवर टेम्पो खरा जिथे उभा राहतो त्या गेटवर बोट दाबून धरा नि तिथले आकडे उचला, कारण मोठ्या कंपनीचं मागचं गेट दुसऱ्याच रस्त्याला असतं. थांबण्याची मिनिटं ड्रायव्हरला विचारा, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्याला सरसकट ३ मिनिटं धरलीत तर पुढचं सगळं गणित खोटं.

२. गाडी

आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही असतं, वजाबाकी केली की किती माल चढतो ते कळतं. ७५० किलो निघालं नि भरलेला जार २१ किलो धरला तर ३५ जार, त्यातून ड्रायव्हर-हेल्परचं वजनही वजा करा. म्हणजे दुसरी फेरी आलीच, ती सॉफ्टवेअरमधे वेगळी गाडी म्हणून टाकायची, फक्त सुरू व्हायची वेळ पहिली फेरी संपल्यानंतरची. रिकामे जार भरलेल्यांच्याच जागेत परत येतात, त्यांचा वेगळा हिशोब नको.

३. वार

रूटच्या आधी वार. हा प्रश्न जुना आहे, १९७४ साली बेल्ट्रामी आणि बोडिन या दोघांनी न्यूयॉर्कच्या कचरागाड्यांसाठी असंच मांडलं होतं, काही ठिकाणं रोज, बाकीची एकतर सोम-बुध-शुक्र नाहीतर मंगळ-गुरू-शनी. आपणही तेच करायचं: आठवड्यातून तीनदावाल्यांना या दोन संचांपैकी एक, दोनदावाल्यांना सोम-गुरू, मंगळ-शुक्र किंवा बुध-शनी, आणि एकदावाले शेवटी.

भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे ते सोम-बुध-शुक्रमधे बसवा, गुरुवारी जी जागा मोकळी राहील तिथे सोसायट्या आणि आठवड्यातून एकदाचे ग्राहक. आयटी ऑफिसं शनिवारी बंद. मग प्रत्येक वाराच्या जारांची बेरीज करा, एका दिवशी १४० नि दुसऱ्या दिवशी ६० असं दिसलं तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, वार तुम्हालाच हलवावे लागतील.

४. सॉफ्टवेअर

गूगल मॅप्स थोडेच स्टॉप घेतं आणि क्रमही तुम्हालाच लावावा लागतो, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही. व्हरूम हे स्टॉपचा क्रम लावून देणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ओपनराउटसर्व्हिस या वेबसाइटमधे तेच चालतं, फुकट खातं काढता येतं (स्टॉप नि गाड्यांना मर्यादा असते). कोड लिहिणारं कुणी घरात असेल तर गूगलचं ओआर-टूल्स हे असली गणितं सोडवणारं साधन जास्ती ताकदीचं. व्हरूमला माहिती जेसन फाइलमधे (JSON, ठरावीक साच्यात लिहिलेली मजकुराची फाइल) द्यायची, एका वाराची एक फाइल. दोन गोष्टी हमखास चुकतात: वेळ सेकंदांत लागते, आणि पिनमधे आधी रेखांश, मग अक्षांश, गूगलच्या उलट. तसंच चिकटवलंत तर भोसरीचा ग्राहक नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जाऊन बसतो.

रस्त्याचं अंतर ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावरून येतं, त्यात ट्रॅफिक नसतं, सकाळी नाशिक फाट्याला काय होतं हे त्याला ठाऊक नाही, म्हणून गाडीचा स्पीड फॅक्टर (वेग किती पट धरायचा तो आकडा) ०.७ वगैरे ठेवून बघा. एका टेम्पोला सगळं काम नि दुसरा रिकामा असं आलं तर प्रत्येक गाडीला जास्तीत जास्त किती स्टॉप ते ठरवून द्या. उत्तर आलं की नकाशा बघायच्या आधी कुठे न बसलेल्या ग्राहकांची यादी बघा, तिथे नावं असली तर गाडीत जागा कमी पडली किंवा वेळ फार घट्ट दिली.

५. रस्त्यावर

छापील क्रम ड्रायव्हरच्या हातात द्या आणि पहिला आठवडा त्याला पेनाने खुणा करायला सांगा, शाळा सुटायची वेळ, बंद गल्ली, वॉचमन आत सोडत नाही, सगळं शीटमधे परत घाला नि पुन्हा चालवा.

मग मात्र हात आवरा. रोज नवा रूट काढला तर कागदावर दोन किलोमीटर वाचतात, पण ग्राहकाचा वार बदलतो आणि फोन वाजत राहतात, माझ्या मते ते परवडत नाही. नवा ग्राहक आला की टेम्पो त्याच्या जवळून ज्या वारी जातो तो वार द्या, आणि बरेच ग्राहक बदलले किंवा उन्हाळ्यात खप चढला की मगच सगळं नव्याने मांडा. गणपती विसर्जनाच्या दिवसासाठी वेगळी फाइल ठेवा, आदल्या दिवशी दोन दिवसांचे जार आणि तिसरी फेरी.