घरसभेत तारण समजावताना लाज आणि मान कसे मांडावेत

मिरज-तासगावकडच्या घरसभेत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, तारणाचा (देवाकडून मिळणाऱ्या सुटकेचा) विषय बहुधा पाप आणि शिक्षेपासून सुरू होतो. त्यात चूक काही नाही, पण "मी कुणाचं काय वाईट केलंय?" म्हणणारा माणूस तिथंच अडतो. गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणजे काय, हे मात्र त्याला सांगावं लागत नाही.

बायबलमधलं लूक १५:११-३२ घ्या : वाटणी मागून, ती उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या पोराचा आणि त्याला जवळ घेणाऱ्या बापाचा दाखला. बरेच जण २४ व्या वचनाला थांबतात. त्यापुढचा थोरला भाऊ गाळू नका. वाचून झाल्यावर एकच प्रश्न टाका : बाप जिवंत असताना धाकट्यानं वाटणी मागितली, तर भावकी काय म्हणेल? मग गप्प बसा, लोकच बोलतात. त्यानंतर वचन २०. वयस्क, प्रतिष्ठित माणसानं लोकांदेखत धावणं हा त्या काळी कमीपणा. पोराची नाचक्की बाप स्वतःवर घेतो. 'मला मजूर म्हणून ठेवा' हे पोरानं जुळवून आणलेलं वाक्य वचन १९ मध्ये आहे, २१ मध्ये नाही. बोट ठेवून दाखवा. त्याआधीच झगा, अंगठी, जोडे मागवले जातात. शेवटी इब्री १२:२ वाचा : वधस्तंभ ही उघड्यावर केलेली विटंबना होती आणि ख्रिस्तानं ती लाज जुमानली नाही.

देवाच्या मानाचा विचार नवा नाही. कँटरबरीच्या अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडितानं ११ व्या शतकाच्या अखेरीस पाप म्हणजे देवाला द्यायचा मान न देणं, असं मांडलं. घरसभेत त्याचं नाव घ्यायची गरज नाही.

घोटाळा होतो तो इथं. लाजेवर भर देताना दोष पुसला जातो. पोरगा "मी पाप केलं" असं स्पष्ट म्हणतो, ते राहू द्या. त्याहून घातक म्हणजे सगळी लाज एकाच मापानं मोजणं. जातीवरून जे हिणवणं पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, ते सोसणाऱ्याचं पाप नव्हे, त्याचा पश्चात्ताप मागू नका. मार खाणाऱ्या सुनेला 'घराण्याची अब्रू' सांगून गप्प बसवायला हा दाखला वापरला, तर तो उलटा शिकवला. सर्वांसमोर कुणाकडून साक्षही (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव) काढून घेऊ नका.

आणि बसायची व्यवस्था आधी पाहा. सरपंचाला खुर्ची, शेतमजुराला दारापाशी सतरंजीचं टोक असं असेल, तर श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना खडसावणारं याकोब २:२-४ तुमच्याच घरावर वाचावं लागेल.