कोच कडक असले तर घरच्यांनी काय करायचं

माझी मुलगी पोहते आणि तिचे सर चांगलेच कडक आहेत. सराव संपवून पोर गाडीत बसली की लगेच "आज सर काय म्हणाले?" असं विचारू नका. आधी पाणी, खाणं. ओले केस पुसता पुसता ती आपणहून बोलायला लागते. तेव्हा फक्त ऐकायचं. "टर्न चुकला म्हणून ओरडले" आणि "जाडी झालीस म्हणाले" यांतला फरक मात्र नीट टिपायचा. पहिलं चालतं, दुसरं अजिबात नाही. शरीरावरून टोमणे, दुखत असताना पाण्यात उतरवणं, "घरी सांगू नकोस" अशी ताकीद, यातलं काही कानावर आलं की थेट क्लबच्या वरिष्ठांकडे जायचं.

बाकी तक्रार असेल तर पूलच्या काठावर, मुलांसमोर वाद नको. सरांची वेळ मागून घ्या, मुद्दा एकच ठेवा.

13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते. पहाटेचा सराव असेल तर रात्री मोबाईल लवकर बंद. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि गॅलरीत स्टॉपवॉच घेऊन बसणारे बाबालोक, ते काम सरांना करू द्या हो!