कपाचे ग्रॅम करताना

राजारामपुरीत माझ्याकडे केक शिकायला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?" मी उलट विचारते, कप कुठला आणि भरला कसा?

आधी कपाचं बघू. अमेरिकन रेसिपीतला कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. आपल्या सेटवर काय छापलंय त्यावर विसंबू नका. रिकामा कप वजनकाट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढ्या मिलीचा तुमचा कप. चहाचा कप मात्र या कामाला अजिबात घ्यायचा नाही.

खरा घोळ मैद्यात होतो. कप डब्यात खुपसून भरला तर त्यात १४०-१५० ग्रॅम मैदा सहज बसतो. तोच मैदा आधी चमच्यानं मोकळा करून, अलगद कपात सोडून, वरून सुरीनं सपाट केला तर १२० ते १२५. दोन कपांच्या केकला ५० ग्रॅमचा फरक पडला की केक कोरडा होतो, वरून तडकतो आणि बिचाऱ्या ओव्हनला बोल लागतो. रेसिपीत काही सांगितलं नसेल तर मी १२५ धरते. कणकेलाही तेवढंच.

बाकीचे आकडे २४० मिलीच्या कपाचे: साखर २०० ग्रॅम, पिठीसाखर १२०, दूध २४५, तेल २२०, मध ३४०. कोको ८५ ते १००, कारण तो मैद्यापेक्षाही जास्त फुगतो-दबतो.

पिठीसाखरेचं नीट लक्षात घ्या. "एक कप साखर दळून" आणि "एक कप दळलेली साखर" यांत ८० ग्रॅमचं अंतर आहे. पहिलीत २०० ग्रॅम साखर मिक्सरमधून काढली तरी २०० च राहते, फक्त कपात मावत नाही. रेसिपी दोनदा वाचा, मग मिक्सर लावा.

बटर अर्धा कप म्हणजे ११३ ग्रॅम. १०० ग्रॅमची वडी "झालाच की अर्धा कप" म्हणून टाकू नका, वर १३ ग्रॅम लागतंच. नानकटाईला अर्धा कप तूप १०० ते ११० ग्रॅम येतं. रवाळ तुपात मधे पोकळी राहते, म्हणून ते कपानं मोजायचंच नाही. दिवाळीत भट्टीवर सामान घेऊन जाता तेव्हा बेकरीवाल्याला कप सांगून बघा, तो किलोतच बोलणार.

आणि आपला गूळ! परदेशी रेसिपीतली ब्राउन शुगर दाबून भरलेली असते, कपाला २१०-२२० ग्रॅम. त्याऐवजी गूळ घालायचा तर तेवढाच वजनानं घ्या. गुळाच्या रव्यातून, म्हणजे ढेपेतून, ताजा फोडून किसलेला गूळ चिकट असतो, दाबाल तेवढा दबतो. गूळ पावडर मोकळी पडते. दोन्हींचा कप एकसारखा भरेल कसा?

अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅम धरतात, पण आपल्याकडची बरीच अंडी त्याहून लहान निघतात. तीन अंडी सांगितली असतील तर फोडून, फेटून १५० ग्रॅम ओता. उरलेल्याचं ऑम्लेट.

बेकिंग पावडर, सोडा, मीठ मात्र चमच्यानंच मोजा. छोटा चमचा ५ मिलीचा, त्यात बेकिंग पावडर जेमतेम ४ ग्रॅम येते. आपला स्वयंपाकघरातला काटा काही गुजरीतल्या सराफाचा नव्हे, चिमूटभर पडलं तर तो हलतही नाही. चमचा सपाट करून घ्या. मोठा चमचा १५ मिलीचा, फक्त ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर २० चा.

आकडे निघाले की रेसिपीच्या समासात पेन्सिलीनंच लिहा. पहिल्या केकनंतर ५-१० ग्रॅम इकडेतिकडे करावे लागतातच.