फ्लॅटमधलं बाथरूम नव्याने करताना: परवानगी कुठे लागते आणि नियम काय सांगतात

बाथरूम नवीन करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. त्याआधी घरी बसून एक यादी करा. कोणत्या वस्तू आहेत तिथेच बदलायच्या आहेत आणि कोणत्या जागच्या हलवायच्या आहेत, हे तिच्यात वेगवेगळं लिहा. परवानगी लागेल की नाही हे यावरून ठरतं. काम पन्नास हजारांचं आहे की पाच लाखांचं, याला महत्त्व नाही.

मुंबईत हा प्रश्न महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये येतो. फरशी बदलणं, प्लास्टर, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, सॅनिटरी फिटिंग किंवा वायरिंग बदलणं या गोष्टी तिथे किरकोळ दुरुस्तीत धरल्या आहेत. त्यांच्यासाठी पालिकेला नोटीस द्यावी लागत नाही. मात्र बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा बीम-कॉलम काढणं, जमिनीची पातळी खाली नेणं, नवा पोटमाळा काढणं हे या सवलतीत बसत नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाकडे जायचं, तेही आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मुंबईसह सगळ्या राज्यात लागू आहे. त्याच्या कलम ४३ मध्ये फक्त आतल्या भागापुरत्या देखभाल-सुधारणेला सूट आहे. ‘आतलंच तर काम आहे’ म्हणून स्लॅबला हात लावायची मुभा मात्र त्यातून मिळत नाही.

दुसरं काम म्हणजे सोसायटीकडून मंजूर नकाशाची प्रत मिळवणं. तुमच्या बाथरूमच्या बरोबर खाली काय आहे ते त्यात बघा. संडास-बाथरूमच्या खाली दुसरं संडास-बाथरूमच असावं, नाहीतर जमीन पूर्ण जलरोधक हवी, असा नियम आहे. बेडरूमचा कोपरा घेऊन तिथे दुसरं टॉयलेट काढायचा बेत अनेकदा इथेच अडतो, कारण खालच्यांच्या पलंगावर ड्रेनेजचा पाइप येतो. असा बेत सोडून द्या, असंच मी सांगेन. टॉयलेटचं दार थेट स्वयंपाकघरात उघडता येत नाही. नॅशनल बिल्डिंग कोड या देशपातळीवरच्या बांधकाम संहितेनुसार नुसत्या न्हाणीघराला किमान १.८ चौरस मीटर आणि संडास-बाथरूम एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर जागा हवी. डक्टकडची (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेकडची) खिडकी बुजवून मोठा आरसा लावायची टूम हल्ली दिसते, पण बाहेरची हवा यायला ठरावीक मापाची खिडकी किंवा झरोका ठेवणं नियमानेच आवश्यक आहे.

मग सोसायटीचं पत्र. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅटमध्ये कोणताही फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते. सेक्रेटरी जिन्यात भेटून ‘करा हो’ म्हणाले, एवढ्यावर थांबू नका. अर्जात कामाचं स्वरूप, किती दिवस चालणार, ठेकेदाराचं नाव, तोडफोडीच्या वेळा आणि राबिट कुठे टाकणार हे लिहा. मुंबईत राबिट उचलण्यासाठी पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. अर्ज देतानाच खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा. आधीचा ओलावा कोणता आणि नंतरचा कोणता, हा वाद मग उरत नाही.

भिंत काढायची असेल, तर ती भार पेलते का हे मिस्त्रीला विचारून ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याचं मत लेखी घ्या. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये निवासी इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू असताना खांबांना हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. इंजिनिअरच्या फीसाठी घासाघीस करण्याची ही जागा नाही.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त लक्ष वॉटरप्रूफिंगवर द्या. जुना कोबा, म्हणजे टाइल्सखालचा भरावाचा थर, स्लॅबपर्यंत काढावा लागतो आणि तिथे मोठा ब्रेकर चालवू देऊ नका, छिन्नी-हातोडीने किंवा हलक्या मशीनने काढायला सांगा. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या तर काम थांबवून इंजिनिअरला दाखवा. गळती बहुतेक वेळा मधल्या जमिनीतून होत नाही. नहाणी ट्रॅपचं (जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड, पाइप भिंतीतून जातो ती भोकं आणि भिंत-जमिनीचा सांधा या तीन जागांमधून पाणी उतरतं. तिथली भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकल्यावर न आकसणाऱ्या मसाल्याने) भरून, कडेला वाटा (सांध्यावर सिमेंटची गोलाई) काढून, मगच कोटिंग करावं आणि ते भिंतीवरही चढवावं. कोटिंग सुकल्यावर ट्रॅप बंद करून पाणी साठवा आणि ४८ तास तसंच राहू द्या. पातळीची खूण पेन्सिलने करून ठेवा. दोन दिवसांनी खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघा. ठेकेदार घाई करेल, ‘उद्या टाइल्सवाला येतोय’ म्हणेल. टाइल्सवाल्याला थांबवा.

विजेचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. गिझरला वेगळी लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. ‘थोडी खिडकी उघडी ठेवू’ ही तडजोड इथे करू नका.

टाइल्स लागण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरींचे फोटो काढा, शेजारी मापाची टेप धरून. ते फोटो, इंजिनिअरचं पत्र आणि परवानगीची प्रत एका फाइलमध्ये ठेवा आणि त्याचा एक संच सोसायटीच्या दफ्तरी देऊन पोच घ्या.