एक्सेलमध्ये घातांक तीनच्या पटीत
रेझिस्टर आणि कपॅसिटर (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे भाग; त्यांची एकके अनुक्रमे ओहम आणि फॅरड) यांची एक्सेलमध्ये यादी करताना ‘सायंटिफिक’ फॉरमॅटमध्ये 47000 ओहम हे मूल्य 4.70ई+04 (म्हणजे 4.70 गुणिले 10 चा चौथा घात; हा 4 म्हणजे घातांक) असे दिसत असे, आणि किलो (हजार), मायक्रो (दशलक्षांश), नॅनो (अब्जांश) अशा हजारांच्या पटींत विचार करणाऱ्याला प्रत्येक आकडा मनात पुन्हा मांडावा लागे. ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘कस्टम’ प्रकारात ##0.00ई+0 हा संकेत (ई म्हणजे रोमन अक्षर E) दिल्यावर ही अडचण सुटली. दशांशचिन्हाआधीच्या तीन जागा येथे निर्णायक आहेत, कारण त्यांच्यामुळेच घातांक तीनच्या पटीत राहतो: 47000 चे 47.00ई+3 होते, तर 0.0000022 फॅरडचे 2.20ई-6, म्हणजे थेट 2.2 मायक्रोफॅरड. सेलमधील मूळ मूल्य तसेच राहत असल्याने सूत्रे पूर्ववत चालतात. ‘टेक्स्ट’ फंक्शनने मात्र आकड्याचा मजकूर होतो, म्हणून ते मी फक्त छापायच्या लेबलांसाठी वापरतो.